पूर्ण चेहरा

माझी बायको सिनेमात काम करायची असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघायचे, मग तिच्याकडे, आणि मग विषय बदलायचे. तिच्या चेहऱ्याची उजवी बाजू भाजलेली होती. कपाळाच्या कडेपासून पार गळ्यापर्यंत. त्या बाजूचा कान अर्धाच राहिला होता. लहान असताना घरात स्टोव्हचा भडका उडाला, त्यात घर गेलं आणि ही बाजू गेली. आईवडील वाचले, पण पुढे तेही फार जगले नाहीत. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने तिशी ओलांडली होती. म्हणजे मला ती अशीच माहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं इथेच येऊन अडलं.

ती गर्दीत उभी राहायची. बाजार, स्टेशन, कोर्ट, लग्नाचा हॉल, जिथे जिथे हिरोच्या मागे माणसं लागतात, त्या माणसांतली ती एक. सेटवर तिला नावाने कुणी हाक मारत नसे. 'डावी' म्हणत, कारण कॅमेऱ्याला तिची डावी बाजूच चालायची. असिस्टंट भोंग्यावरून ओरडायचा, "ए डावी, तिकडून इकडे सरळ चालत ये. मान वळवलीस तर परत सगळ्यांना चालावं लागेल!" तिची डावी बाजू दिसायची तर तिने पडद्यावर उजवीकडून डावीकडेच जायला हवं. तशी ती शेकडो वेळा गेली. परत येताना एकदाही दिसली नाही. ती म्हणायची, "बघणाऱ्याला वाटत असेल, ही बाई रोज जाते तरी कुठे? आणि हिच्या घरचे हिला शोधत कसे नाहीत?"

मी जनरेटरच्या गाडीवर होतो. शूटिंगला वीज पुरवायची, डिझेल भरायचं, केबल तापते का बघत बसायचं. आवाज येऊ नये म्हणून आमची गाडी सेटपासून लांब, कुठल्या तरी भिंतीमागे लावतात. जेवणाच्या सुट्टीत ती तिथे डबा घेऊन यायची. बाकी तिथे कुणी फिरकत नसे, म्हणून. जनरेटर चालू असताना बोलणं शक्यच नसतं, त्यामुळे बरेच दिवस आम्ही नुसते शेजारी बसून जेवत होतो. एकदा जनरेटर बंद पडला. सेटवरून दहा जणांच्या आरोळ्या सुरू झाल्या, मी पाना घेऊन धावलो, तर ही म्हणते, "अहो, माझा डबा संपेपर्यंत दुरुस्त करू नका. पहिल्यांदाच शांत जेवते आहे." तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्याच वर्षी आम्ही लग्न केलं.

घरात ती नेहमी माझ्या डाव्या हाताला बसायची, म्हणजे तिची उजवी बाजू माझ्याकडे. झोपतानाही तसंच. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "डावी भाड्याने दिली आहे. उजवी घरची." त्या बाजूची कातडी गुळगुळीत होती, थंडीत ताणायची. रात्री मी तेल लावून द्यायचो. तेवढंच. आमचा संसार म्हणजे काही सांगण्यासारखं नाही. चांगला होता.

मग सिनेमातली गर्दी कॉम्प्युटर बनवायला लागला. माणसं बोलवायची गरज संपली, माणसं संपली म्हणून आमच्या गाड्याही कमी झाल्या. पण त्या कंपन्यांवरही टीका झाली. कॉम्प्युटरने बनवलेली सगळी माणसं तरुण, गोरी, सरळ नाकाची, जणू एकाच आईची लेकरं. लोक म्हणाले, आमच्यासारखी माणसं यात कुठे आहेत? काळी, जाडी, म्हातारी, लंगडी, चाकाच्या खुर्चीतली? तेव्हा एका मोठ्या कंपनीने ठरवलं की खऱ्या माणसांचे चेहरे घ्यायचे, सगळ्या प्रकारच्या माणसांचे, आणि ते गर्दीत घालायचे.

आमच्याकडे ही बातमी आणली ती गर्दी पुरवणाऱ्या माणसाने. त्याला सगळे मुकादम म्हणत.

"एकदाच जायचं," तो म्हणाला. "चारी बाजूंनी कॅमेरे. हसा, रडा, पळा, पडा. झालं. मग आयुष्यभर घरी बसून सिनेमात काम."

"म्हणजे मला बोलावणं बंद," बायको म्हणाली.

"ते तसंही बंदच आहे गं. मी आता भाड्याच्या खोल्या दाखवत हिंडतो, तुला काय वाटलं?"

मी म्हणालो, "हे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं आहे." दुसऱ्या दिवशी ती गेली.

संध्याकाळी परत आली ती वेगळीच दिसत होती. चप्पल काढायच्या आधी बोलायला लागली. तिथे एक चष्मेवाली बाई होती, तीच सगळं सांगत होती. आधी ही सवयीने डावी बाजू पुढे करून उभी राहिली. चष्मेवाली म्हणाली, "नाही, मला पूर्ण चेहरा द्या." हिने दोनदा विचारलं, नक्की का? चष्मेवाली म्हणाली, "अहो, त्यासाठीच तर बोलावलंय."

"पूर्ण चेहरा द्या म्हणाली," तिने मला परत सांगितलं. मग जेवताना परत. मी धोंड्याचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या वर्षी ती गेली. ताप आला, अंगावर काढला, मग छातीत उतरला. हॉस्पिटलात नाकातोंडावर मास्क होता, त्यामुळे शेवटचे दिवस तिचा चेहरा मला नीट दिसलाच नाही.

शूटिंगचं काम तोवर संपल्यातच जमा होतं. मी दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या जनरेटरवर लागलो. ते काम म्हणजे वीज जायची वाट बघत बसणं. वीज जात नाही. मी बसून असतो.

ती गेल्यावर सहा-सात महिन्यांनी ताईंचा फोन आला. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण, तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. शाळेच्या ग्रंथालयात काम करून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नाही, स्वभाव तिखट. माझ्याशी त्या आठवड्यातून एकदा फोनवर बोलायच्या, बहुतेक मी जेवलो का हे विचारून मला झापायला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "धाकटी दिसली."

मला वाटलं स्वप्नात. मी म्हणालो, "काय म्हणत होती?"

"स्वप्नात नाही हो. टीव्हीवर. सिनेमात. लावा, अजून चालू आहे."

मी लावला तोवर ते गेलं होतं. मग मोबाईलवर शोधून परत पाहिलं. एक बिल्डिंग पेटलेली. बायका जिन्यावरून खाली पळतात. त्यांत ती. समोरून, पूर्ण चेहरा, उजव्या बाजूवर सगळा उजेड. खरं सांगतो, पहिल्या क्षणाला मला आनंद झाला. मी उठून उभा राहिलो. मग ती किंचाळली, वरून तुळई पडली आणि ती खाली गेली.

मी ते परत पाहिलं नाही. पण एकदा समजल्यावर ती दिसायलाच लागली. दंगलीत रस्त्यावर पडलेली. बॉम्ब फुटल्यावर धुरातून येणारी. लढाईच्या सिनेमात तंबूतल्या खाटेवर. पुलाखाली हात पसरून बसलेली. एका भुताच्या सिनेमात ती विहिरीच्या काठावर उभी होती, बाकी काही करत नव्हती, नुसती मान वळवून बघत होती. तो सिनेमा मी शेजाऱ्यांकडे पाहिला. त्यांची नात किंचाळून आईच्या मांडीत शिरली. आई म्हणाली, "अगं, खोटी असते ती." मी चहा तसाच ठेवून घरी आलो.

बाजारात ती कुठे दिसली नाही. स्टेशनवर नाही, कोर्टात नाही, लग्नात नाही. जिवंत असताना जिथे जिथे ती उभी राहिली होती, त्यातल्या एकाही ठिकाणी नाही.

मी ठरवलं, तिला तिथून बाहेर काढायचं. मला दुसरं काही नको होतं. एकदा मेलेल्या माणसाला किती वेळा मारायचं?

मुकादमाला गाठलं. तो एका रिकाम्या खोलीच्या दारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन गिऱ्हाइकाची वाट बघत उभा होता.

"तुझी बायको गेल्यावर जेवढं काम करते आहे," तो म्हणाला, "तेवढं मी तिला जन्मात दिलं नव्हतं."

मी जायला वळलो.

"चुकलो," तो म्हणाला. "जीभच मेली तसली. अरे, माझाही चेहरा दिलाय मी. मला प्रत्येक सिनेमात पोलीस पकडून नेतात. माझी पोरगी म्हणते, बाबा, तुम्ही करता तरी काय?" मग त्याने कंपनीचा पत्ता दिला. "जा, पण हाती काही लागेल असं वाटत नाही. ती माणसं फार गोड बोलतात."

खरंच गोड बोलली. काचेच्या भिंतींची खोली, लांब टेबल, कागदी कपात कॉफी. समोर कंपनीचा वकील आणि त्याच्या शेजारी ती चष्मेवाली. बायकोने सांगितलं होतं तशीच होती, चाळिशीची, थकलेली. तिला बायको आठवत होती. "त्या मला दोनदा 'नक्की का?' म्हणाल्या होत्या," ती म्हणाली.

वकील म्हणाला, "आमच्या गर्दीत सगळ्या प्रकारची माणसं आहेत याचं बाहेर खूप कौतुक झालंय. त्यात तुमच्या पत्नीचाही वाटा आहे."

"मग तिला सारखी आगीत का घालता?"

"आम्ही घालत नाही हो," चष्मेवाली म्हणाली. "प्रसंग लिहून दिला की सिस्टिम माणसं निवडते. जुने सिनेमे बघून ती शिकली आहे, कुठल्या प्रसंगात कसे चेहरे असतात ते. भाजलेला चेहरा म्हटला की..."

"ती लग्नात उभी राहायची. मी स्वतः दिवे पुरवलेत त्या लग्नांना."

"असतील," ती हळूच म्हणाली. "पण तिथे त्यांची ती बाजू दिसली नसेल ना. सिस्टिमने कधी पाहिलीच नाही लग्नात अशी बाजू."

मान वळवू नकोस म्हणून भोंग्यावर ओरडणारे असिस्टंट डोळ्यांपुढे आले. ते सगळे आता घरी बसले असतील.

वकिलाने अर्ज तिथेच लिहून घेतला. माझ्या पत्नीचा चेहरा कंपनीकडे कुठेही, कोणत्याही स्वरूपात राहू नये. त्याने वाचून दाखवला. मी म्हणालो, असंच. सही केली. बाहेर पडलो तेव्हा वाटलं, मुकादम उगाच घाबरवत होता.

महिन्याभराने त्यांनी परत बोलावलं. शक्य असेल तर तिच्या माहेरचं कुणी घेऊन या म्हणाले. मी ताईंना घेऊन गेलो. त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि वाटेत मला दोनदा सांगितलं की तुम्ही कमी बोला, मी बोलते.

वकील म्हणाला, "तुमचा अर्ज मान्य झाला. तो चेहरा आम्ही काढला. आधीच्या सिनेमांतही त्या जागी दुसरे चेहरे घातले, म्हणजे ॲपवर, टीव्हीवर, सगळीकडे. आता शेवटची एक गोष्ट." त्याने चष्मेवालीकडे बघितलं. तिने स्क्रीन आमच्याकडे वळवली.

स्क्रीनवर एक बाई उभी होती. चाळिशी ओलांडलेली. गव्हाळ, रुंद कपाळ. दोन्ही गाल सारखे, दोन्ही कान पूर्ण. ती चालायला लागली आणि मी खुर्ची पुढे ओढली. डावा खांदा किंचित वर, पावलं जवळजवळ, हात न हलवता. ती माझ्या बायकोसारखी चालत होती.

"ही तीच आहे," मी म्हणालो.

"कायद्यात चालणं धरत नाहीत," वकील म्हणाला. "चालणं कुणाच्या मालकीचं नसतं. चेहरा धरतात. व्रण काढल्यावर मशीनच्या हिशोबाने ही वेगळी व्यक्ती आहे. पण मशीनवर सोडून चालत नाही, घरच्यांनाही विचारावं लागतं. तुम्ही ओळखलंत तर ही पण आम्हाला काढावी लागेल, मुळापासून. नाही ओळखलंत तर ही राहील, विषय संपला. म्हणून साधा प्रश्न विचारतो. हा चेहरा तुम्ही पूर्वी पाहिला आहे का?"

मी बघत राहिलो. डावी बाजू बघितली की वाटायचं, आहे. पूर्ण बघितलं की परकी बाई. बाजारात समोरून आली असती तर मी बाजूला होऊन तिला वाट दिली असती.

"हा चेहरा पाहिलेला नाही," मी म्हणालो. खोटं बोलायला हवं होतं हे मला माहीत होतं. जमलं नाही. पण मला काळजी नव्हती. ताई शेजारी होत्या. तिचा आधीचा चेहरा पाहिलेलं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि जुने फोटो घराबरोबर जळाले होते. त्या सांगतील.

"तुम्ही?" वकिलाने ताईंना विचारलं.

ताई स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्या चष्मेवालीला म्हणाल्या, "हिला जरा हसवता येईल का?"

चष्मेवालीने काहीतरी दाबलं. ती बाई हसली. दोन्ही गालांनी.

पर्सचा पट्टा ताईंनी दोन्ही हातांनी धरला होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नाही. ही आमची धाकटी नाही."

वकिलाने कागद पुढे केला. त्यांनी त्यावर सही केली, ग्रंथालयात करायच्या तशी, सुबक.

खाली रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "ताई, खरं सांगा."

"काय खरं?"

"तीच होती ना?"

त्या बसच्या पाटीकडे बघत म्हणाल्या, "हुबेहूब. दहा वर्षांची होती ना, तीच मोठी झाली असती तर तशीच दिसली असती. हसताना तो वरचा ओठ... भाऊजी, मी विसरले होते तो ओठ. पार विसरले होते."

"मग नाही का म्हणालात?"

"हो म्हणाले असते तर त्यांनी पुसून टाकली असती!"

"त्यासाठीच तर आलो होतो आपण! तिला तिथून सोडवायला!"

"जळत होती तिला सोडवायला. आता कुठे जळते आहे ती?" ताईंचा आवाज चढला. थांब्यावरची माणसं बघायला लागली. "तुम्हाला काय माहीत हो? तुम्ही आलात तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आरशावर चादर टाकून झोपायची ती. मी तिची वेणी घालायचे ना, तर म्हणायची, ताई, पाठीमागे उभी राहून घाल, समोर येऊ नकोस. आज ती मला पहिल्यासारखी दिसली, आणि मी तिला माझ्या हाताने पुसू?"

"ती मेली आहे, ताई."

"मेलीये, मेलीये. तुम्हीच एकटे आहात का तिचे?"

बस आली. त्या चढल्या. मी पुढच्या बसने गेलो.

त्यानंतर त्यांचे फोन बंद झाले. मग पावसाळा सरताना एक आला, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. धाकटी लग्नात दिसली म्हणाल्या. वधूच्या मागच्या रांगेत, हिरव्या साडीत. मग एकदा विमानतळावर, बॅग ओढत. एकदा शाळेच्या फाटकाशी, मुलाला सोडायला आलेली. "स्वतःचं लेकरू झालं नाही ना तिला," ताई म्हणाल्या, "तर बघून बरं वाटलं." व्रण गेल्यावर मशीनने तिला सगळं देऊन टाकलं होतं. मी ते सिनेमे लावून बघायचो, पण मला ती सापडत नसे. कपडे वेगळे, केस वेगळे. मी गर्दीतला एकेक चेहरा थांबवून बघायचो आणि त्यातला कुठला माझ्या बायकोचा ते मला कळायचं नाही. ताईंना लगेच कळायचं.

मग मी ते सोडून दिलं. म्हटलं, राहू दे त्यांची बहीण त्यांच्याकडे. माझी बायको माझ्याकडे आहे.

एक दिवस तिचा फोटो मोठा करून लावावा म्हणून मी मोबाईल उघडला. सगळे फोटो पाहिले. प्रत्येकात ती डाव्या बाजूने. लग्नाच्या फोटोतही ती माझ्याकडे वळून उभी आहे. एकदा ती झोपलेली असताना मी उजव्या बाजूने फोटो काढला होता, तर तिने सकाळी पाहिला, पुसला आणि दिवसभर बोलली नाही. ओळखपत्रावर समोरून होता, पण तो नखाएवढा, आणि फ्लॅशने ती सगळी बाजू पांढरी झालेली. माझ्याकडे तिचा पूर्ण चेहरा नव्हता. तो तिने आयुष्यात एकदाच कुणाला तरी दिला होता.

मी परत कंपनीत गेलो. वकील भेटला नाही. चष्मेवाली खाली आली. तिला मी सांगितलं, मला तिचे फोटो द्या, तुम्ही घेतलेले. एकच द्या. सिनेमासाठी नको, घरात लावायला.

ती मला घेऊन जिन्याखालच्या बाकावर बसली.

"ते राहिले नाहीत," ती म्हणाली.

"एखादा असेल."

"तुमचा अर्ज होता ना. कुठेही, कोणत्याही स्वरूपात. मी स्वतः केलं ते काम, नीट केलं. जुने सिनेमे बदलले, मूळ फोटो पुसले, त्यांच्या प्रती पुसल्या. त्याचा दाखला पण आला असेल तुम्हाला."

आला होता. मी तो कपाटात जपून ठेवला होता.

तिने पाणी आणून दिलं. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "एक करता येईल. तुम्ही सांगा, मी बनवून बघते. आत्ताचा चेहरा आहेच, त्यावर व्रण परत घालायचा. तुम्ही इतकी वर्षं पाहिलाय, तुम्हाला तर पाठ असेल."

मला ते पटलं. पाठ होताच. रोज रात्री हाताखालून जायचा.

तिने मांडीवर लॅपटॉप उघडला. ती बिनव्रणाची बाई आली. चष्मेवालीने काही शब्द टाइप केले आणि उजवा गाल पेटला. लाल, ओला, सोललेला.

"असा नव्हता," मी म्हणालो. "जुना होता. फिकट."

दुसरा आला. फिकट होता, पण नकाशासारखा, कडा आखून काढल्यासारख्या. मी नको म्हणालो. तिसऱ्यात डोळा खाली ओढलेला होता.

"डोळा ओढलेला होता का?" तिने विचारलं.

"थोडा."

"इतका?"

"नाही, कमी."

"आता?"

"थोडा जास्त. किंवा मघाशी होता तेवढा."

"आणि कान? अर्धा म्हणजे वरचा गेला होता की खालचा?"

"वरचा," मी म्हणालो. तिने वरचा काढला. बघितलं तर ते चूक वाटलं. तिने खालचा काढला. तेही चूक वाटलं. ती चिडत नव्हती. जे सांगेन ते करत होती, आणि मी सांगत होतो, गालावरची घडी वर घ्या, खाली घ्या, गळ्याशी रंग गडद होता, नाही, तिथे नाही. एकेक चेहरा येत होता आणि जात होता, आणि प्रत्येक तिचा असू शकला असता.

मी तिला म्हणालो, जरा थांबा. डोळे मिटले. रात्री दिवा घालवल्यावर माझ्या डाव्या हाताला ती झोपलेली असायची तशी आठवायला लागलो. उशी आठवली, तेलाची बाटली आठवली. चेहऱ्यापाशी आलो तर तिथे स्क्रीनवरचा आत्ताचाच होता. वरचा कान गेलेला. मी तो बाजूला सारला, तर त्याच्या आधीचा आला.

"हा जवळचा आहे का?" चष्मेवालीने विचारलं.

"बंद करा," मी म्हणालो.

लॅपटॉप मिटल्याचा आवाज झाला. मी डोळे उघडले नाहीत. आत ते एकामागून एक येतच होते.